अख्तरीच्या शिकवणीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. कधी काळी लालभडक होतो, आता माझ्या रंगाला नाव देणेही कठीण आहे. पण माझी शिवण पाहा, एक टाका हललेला नाही. आसेगावच्या सैफुद्दीन दर्ज्याने गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून, दुहेरी कापड घेऊन मला शिवले. त्याची मुलगी अख्तरी शिकणार होती आणि त्यासाठी आधी मी हवा होतो.

अख्तरीला जाता येईल अशी मुलींची शाळा जवळपास नव्हती. मंगरूळपीरचे वहाब मुन्शी आठवडी बाजाराला आले की ओसरीत बसून माझ्या पलीकडून धडा देत. अलीकडे अख्तरी बसे. मुन्शीजी विचारत, ती उत्तर देई. पुढच्या बाजारापर्यंत मग ती एकटीच माझ्याशेजारी बसून अभ्यास करी. मुन्शीजींनी तिचा आवाज तेवढा ऐकला, तिला कधी पाहिले नाही. रीतच तशी होती, आणि रीत पाळण्यात मी पक्का होतो. उन्हाची तिरीपसुद्धा मी आरपार जाऊ दिली नाही.

चौथीची परीक्षा पास झाली तर तिला पुढे शिकवून उस्तानी, म्हणजे शिक्षिका करायचे, असे बापाने कबूल केले होते. नापास झाली तर शिक्षण बंद आणि निकाह, हेही ठरले होते.

घरच्यांनी काही कमी केले असे मी म्हणणार नाही. आई मेहरुन्निसा तिला भांड्याला हात लावू देत नसे. खडखडीने तिचे ध्यान मोडू नये म्हणून सैफुद्दीनने आपली मशीन अंगणात नेली. धडा पाठ झाला की हातावर खजूर पडे. शेजारच्या गोजराबाई मीठ मागायला आल्या की आई कौतुकाने दाखवी, "पाहा बाई, पोरगी किताबीतून नाक काढत नाही."

खरेच काढत नसे. पान अगदी नाकाला टेकलेले असे. मुन्शीजींना हे दिसले असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी टोकले असते. पण त्यांच्यासमोर मी लोंबकळत होतो, आणि ज्यांना दिसत होते त्यांना ती पोरीची हुशारी वाटत होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण कापडाला कुठले आले तोंड?

परीक्षेला बाप तिला बैलगाडीतून मंगरूळपीरला घेऊन गेला. ती कोरा कागद देऊन आली. सैफुद्दीन खूप दुखावला. "इतके दिवस पालथ्या घड्यावर पानी टाकलं आपन," एवढेच बोलला. मुन्शीजी स्वतः सांगायला आले, "तिले सगळं येते, मियाँ. पुन्हा एकदा बसवा." बापाने ऐकले नाही. त्याने मला दारातून उतरवले. तेव्हापासून मी माळवदावर मिरच्या वाळवण्याच्या कामी आलो.

पुढच्या रमजानच्या अखेरीस सगळे चांद पाहायला माळवदावर चढले आणि माझ्यावरच उभे राहिले. अख्तरीचा निकाह रिसोडला ठरला होता. आई म्हणाली, "चांद पाहून दुवा माग, बेटी. निंबाच्या डाव्या अंगाले पाहा."

अख्तरी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "अम्मी, मले चांद कधीच नाही दिसला. तुमी सगळे दिसला म्हनता, म्हून मी बी म्हनत आली."

सैफुद्दीनने मान वळवली. "निंब दिसते का तुले?"

"तिथं काळं काळं काही हाय."

"मंग परीक्षेत फळा?"

"बाईनं फळ्यावर सवाल लिवले तं नुसतं पांढरं पांढरं दिसलं. मले वाटलं, सगळ्याइले असंच दिसते, आन् मलेच वाचता येत नाही."

त्या वर्षी त्या माळवदावर कोणी कोणाला ईद मुबारक म्हटले नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला चष्मा दिला. चष्मा आला तेव्हा तिच्या हातावर मेंदी होती. सासरच्यांना शिकणारी सून नको होती, आणि दिलेला शब्द मोडणे सैफुद्दीनला जमले नाही. अख्तरी रिसोडला गेली. किताबी इथेच राहिल्या.

तिची पाठवणी झाली त्या संध्याकाळी सैफुद्दीन वर येऊन माझ्यावर बसला. माझ्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मेहरुन्निसा समजूत घालायला आली. "मुन्शीजीले तरी कसं कळलं असतं? मधात पडदा होता."

"त्यायच्या मधात होता," तो म्हणाला. "आपल्या मधात कोनता होता?"

मित्रांनो, दूर बसलेल्या गुरुजींपर्यंत तुमचा आवाज तेवढा पोहोचतो. तुमच्याकडे पाहायचे काम घरच्यांचे असते. खाऊ आणि शाबासकी देऊन ते काम होत नाही, त्यासाठी शेजारी येऊन बसावे लागते. ते आपणहून बसले नाहीत तर तुम्ही हात धरून बसवा, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगा. अख्तरीला कोणी विचारले नाही, आणि हे सांगायचे असते हे तिला ठाऊक नव्हते.