खाटेवरची संस्था

मनोहररावांनी खाटेचा पाय उचलला, तशा यमुताई खाटेवर पडलेल्या जिजाबाईच्या पायांशी चढून बसल्या. पाय पुन्हा जमिनीवर आपटला.

"एका तासाचा तर प्रश्न आहे, यमुताई. ठेलेवाला बाहेर उभा राहून राहिला."

"आणि हिला तासभर कुठं ठेवू? खुंटीवर?"

यमुताईंच्या मंडळाजवळ आजाऱ्यांना वापरायला द्यायच्या खाटा होत्या, कुबड्या होत्या, चाकांच्या खुर्च्या होत्या. नव्हती ती जागा. सगळं सामान इतवारीपासून पाचपावलीपर्यंत लोकांच्या घरी. ही लोखंडी खाट तर इतक्या गल्ल्या हिंडली होती, की नुसतं आजाऱ्याचं नाव सांगितलं तर आपल्या चार पायांनी चालत गेली असती. आज संत्र्यांचे आडते शालिकरामजी मंडळ पाहायला येणार होते. त्यांनी देणगी दिली, तर दम्यानं आडवं होता न येणाऱ्या उमरेडच्या एका विणकराला अशीच खाट मिळणार होती. चिटणीस मनोहररावांनी त्यासाठी धर्मशाळेतली खोली मागून घेतली होती आणि ती भरायला ते घरोघरचं सामान उचलत निघाले होते.

"शेठ रिकाम्या खोलीला पैसे देतील काय?"

"खोलीत ते येणारच नाहीत. मी त्यांना इथंच बोलावलं आहे."

मनोहरराव खाली बसले. तेवढ्यात, समोरून म्हैस आली तर माणसानंच मागं फिरावं अशा त्या गल्लीतून, शालिकरामजी धोतर सावरत दारात आले.

"संस्था कुठी हाय जी?"

"ही," यमुताईंनी खाटेवर हात थोपटला. "सध्या हिच्यावर जिजाबाई आहे. खुबा मोडलाय तिचा."

"अन् इमारत?"

"नाही."

"मंग माह्या बाबाच्या नावाचा दगड कुठी लावू? संगमरवर आनून ठेवला मी."

"जागा होईल, शेठ, लवकरच..." मनोहरराव उठले.

"होणार नाही," यमुताई म्हणाल्या. "पैसे आले की खाटा घेऊ."

जिजाबाईनं मान वळवली. "माह्या उशाले लाव गा तुहा दगड. पन मी गेली का खाट जाते दुसऱ्याच्या घरी. मोच्याच्या, कोष्ट्याच्या, कोनाच्याबी. तुह्या बापाले चालन का हिंडनं?"

मनोहररावांनी डोळे मिटून घेतले. शालिकरामजी खाटेला जोडलेला दांडा न्याहाळत होते.

"हे काहाचं?"

"फिरवा. डोक्याकडची बाजू वर येते."

त्यांनी फिरवला. खाट कुरकुरली, जिजाबाई हळूहळू बसती झाली.

"बाबाले आम्ही सरकीच्या पोत्याले टेकवून बसवत होतो," ते दांड्याकडेच पाहत म्हणाले. "पोतं सरकत जाये. त्याच्यासंगं तेही."

दांडा फिरतच राहिला.

"अशी खाट भेटते कुठी, ताई?"

"आधी मले खाली घे गा," जिजाबाई ओरडली, "मंग जाय बाजारात. छपराले टेकली मी!"