वरून पहिली, खालून तिसरी

मी एक जुनी पायरी आहे. मित्रांनो, या घराची सगळी उंची माझ्या खांद्यांवर उभी आहे, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. नंतर कळलं, की घर होतं तिथंच होतं. जमीन खाली गेली होती.

गवंड्याने टेकडीवरचा एक दगड ठोकून-ठाकून चौकोनी केला आणि दारासमोर बसवला, तीच मी. तेव्हा मी एकटीच होते. मालकांच्या आई माझ्यावर एक पाऊल टेकवून अंगणात उतरत आणि तडक फाटकाशी जाऊन उभ्या राहत. रस्त्याने जाणारा माणूस त्यांना हिशेब दिल्याशिवाय सुटत नसे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, हे आधी आईंना कळे, संबंधितांना मागाहून.

पुढे मालकांनी घराच्या वरची झाडं तोडून शेत काढलं. नांगर वरून सरळ खाली चाले. बैलांनाही उतार बरा पडे. पावसाचं पाणी मग त्याच सऱ्यांतून धावत येई, शेतातली माती उचली, जाता जाता अंगणातलीही घेई आणि नदीत उडी टाकी. माझ्या पायाखाली पोकळी झाली, की गवंडी येऊन खाली नवी पायरी बसवी. अशा दोन धाकट्या बहिणी मला मिळाल्या. काडीचं काम न करता मला दोनदा बढती मिळाली.

मालक पाहुण्यांना अभिमानाने म्हणत, "रस्त्यावरून बघा, घर कसं उठून दिसतं!"

"अजून उठेल, मालक," गवंडी म्हणे. "मी आहे ना!"

आईंचे गुडघे मात्र या प्रगतीत सामील व्हायला तयार नव्हते. त्या दारातच बसू लागल्या. तिथून हाक फाटकापर्यंत जाई, पण उत्तर परत येत नसे. शेजारच्या मुलीचं लग्न झाल्याचं त्यांना तिला मूल झाल्यावर कळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मालकीणबाईंची थोरली बहीण आली. ती नदीच्या खालच्या अंगाला राहते. तिने टेम्पोतून दोन जड पोती उतरवली.

"हे काय आणलंत, ताई?" मालकांनी विचारलं.

"तुमचं अंगण. आमच्या स्वयंपाकघरात शिरलं होतं. म्हटलं, पोचवून द्यावं."

मालक हसले.

"हसताय काय? आमच्या दाराच्या सगळ्या पायऱ्या गाळात गेल्या. आता नदी न विचारता आत येते. तुम्ही चढा वर, आम्ही बसतो गाळ उपसत."

"ऐकलंस?" आई दारातून म्हणाल्या. "तुझं घर वाढलं नाही रे बाबा, माझं अंगण पळालं. मला फाटकापर्यंत जायचंय. मरायच्या आधी."

मालक दोन दिवस वरच्या शेतात फेऱ्या मारत राहिले. मग म्हणाले, "नांगर उताराला आडवा धरला तर माती थांबेल. पण बैलांना आडवं चालायची सवय नाही."

"तुम्ही सांगा तरी. रुसले तर मी समजूत काढीन," मालकीणबाई म्हणाल्या.

बैल रुसले नाहीत. नांगर उताराला आडवा चालू लागला, बांधांवर गवत लावलं, अंगणाच्या खालच्या कडेला दगडांची ताल, म्हणजे माती अडवणारा बुटका बांध, रचली. पोत्यांतला गाळ आईंनी पायऱ्यांशी ओतवून घेतला आणि त्यात भोपळा लावला. शेतातून येणारं पाणी आता दमाने येई. जी थोडी माती आणी, ती तालीशी टाकून जाई. अंगण असं बोटाबोटाने वर आलं. आधी सगळ्यात धाकटी बहीण मातीखाली गेली, मग मधली. आई थकल्या, पण फाटक गाठायच्या हट्टाने टिकून राहिल्या.

एका सकाळी चौकट धरून त्यांनी माझ्यावर पाय ठेवला, आणि पुढचं पाऊल अंगणात पडलं. फाटकाशी पहिला सापडला तो पोस्टमन.

"काय रे, इतकी वर्षं होतास कुठे?"

तो बिचारा रोजच येत होता. दुपारपर्यंत त्याला सुटका मिळाली नाही.

मित्रांनो, पळून गेलेली माती पायऱ्या बांधून परत येत नाही. ती आहे तिथंच अडवा. आडव्या नांगराने अडवा, गवताने अडवा, चार दगड रचून अडवा. ती मोठ्या मनाची आहे, अडवली की थांबते.

मी आता पुन्हा सगळ्यात खालची पायरी आहे. घरात शिरताना सगळे पायाचा चिखल माझ्यावरच पुसतात.