एक हजार एक

"मावशी, एल लिही, एस लिही. मग एक जागा सोड. मग आडवी रेघ आणि पुन्हा एल."

"कितीदा एल गं? तुमच्या त्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला सरळ बोलता येत नाही का?"

फोन खांद्याने कानाशी दाबून मी एकेक अक्षर शोधत होते. भाची तिच्या ऑफिसातून बोलत होती, जेवणाच्या सुट्टीत. पलीकडे डबे उघडल्याचे आवाज येत होते. घड्याळात सव्वा वाजला होता. चार वाजता यांच्या ऑफिसातली ट्रेसर येणार होती आणि त्याआधी मला नकाशातली चौदा घरं भरायची होती.

आमचे हे सर्व्हेअर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. रस्ता रुंद करताना ज्या गल्ल्या पाडल्या, त्या जशाच्या तशा पुन्हा कागदावर आणायच्या. कुठे कुठलं घर, घरात कोण, सगळं. आठ वर्षं ते काम चाललं. ते सगळं तळहाताएवढ्या एका काळ्या डिस्कमध्ये ठेवून दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता वाचनालयवाले ते नकाशे त्यांच्या हॉलमध्ये लावणार होते आणि डिस्क न्यायला ट्रेसरलाच पाठवत होते. दुसरं कोण मिळणार त्यांना!

मी सकाळी डिस्क जोडून बघितली तर बाकीच्या गल्ल्या भरलेल्या. 'उरलेलं' नावाच्या एका फोल्डरमध्ये मात्र आमची गल्ली, मी जन्मले ती. चौदा चौकोन, चौदाही कोरे. ज्या गल्लीतलं प्रत्येक दार मला पाठ, तीच नेमकी कोरी. लिहायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, परवानगी नाही.

"डिस्क नीट जोडली गेलीय," भाची म्हणाली. "लिहायलाही मोकळी आहे. दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहून बघितलंस?"

"तिथे मुकाट्याने घेतंय."

"मग या एकट्याचंच दुखणं आहे. मालकाच्या जागी काय दिसतंय, वाच."

"एक हजार एक."

"नाव नाही?"

"नाही. नुसता आकडा."

"अच्छा! म्हणजे काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन माणसांची खाती होती. पहिल्याला नंबर मिळतो एक हजार, दुसऱ्याला एक हजार एक. डिस्कला नाव कळत नाही, नंबर तेवढा लक्षात राहतो. हा फोल्डर त्या दुसऱ्या माणसाचा. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. कोण होतं गं दुसरं?"

"मला काय माहीत!" असं म्हणून मी फोन ठेवला.

माहीत कसं नसेल? ट्रेसरच. ती बाविसाव्या वर्षी यांच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागली. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघ गिरवायचं काम. हे रिटायर झाले तरी तिचं गिरवणं काही संपलं नाही. दर रविवारी दहाच्या ठोक्याला हजर. आधी दोघं फिरून यायचे, मग मागच्या खोलीत बसायचे. दारापाशी हसणं ऐकू यायचं. मी चहा घेऊन आत गेले की थांबायचं. एकदा हे म्हणाले, "तूही बस की. तुला तर सगळं पाठ आहे."

"तुमची ट्रेसर आहे ना," मी म्हटलं आणि भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती. मी पुन्हा घासली.

आणखी दोन-तीनदा म्हणाले. मग म्हणायचे थांबले.

ती चारला पाच कमी असतानाच आली. आता तिचेही केस पांढरे झालेत, पण चालणं तेच, तुरुतुरु.

"तुमच्या फोल्डरला कुलूप आहे," मी दारातच म्हटलं. "तेवढं काढून द्या. मला चार अक्षरं लिहायची आहेत."

"माझ्या?" तिने चष्मा लावला, वाकून बघितलं. "काकू, मला खातंच नव्हतं. मी साहेबांच्याच खात्यात बसायचे."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एकाच खात्यात दोघं!

"मग हा एक हजार एक कोण?"

"तुम्ही."

मी तो आकडा पुन्हा वाचला.

"जुन्या कॉम्प्युटरवर साहेबांनी स्वतःच्या खात्यानंतर तुमचं खातं माझ्यासमोर उघडलं होतं. हा नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर तुमचं खातं पहिलं उघडलं असेल. म्हणजे आता तुम्ही साहेबांच्या नंबरवर बसलाय, आणि तुमची जागा रिकामी." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "मी म्हणायचे, साहेब, एवढीच गल्ली राहिलीय, एका रविवारात उडवू. तर म्हणायचे, तिला हात लावायचा नाही. ती तिची आहे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कुठे सांगू द्यायचात, काकू? कप ठेवला की पाठ."

खरंच होतं. खरं असलं म्हणून काही गोड लागत नाही.

"मालकी बदलू का?" तिने विचारलं. "एका ओळीचं काम. मग या खात्यातूनच लिहिता येईल."

"नको. माझा नंबर मला द्या."

तिने नवं खातं उघडलं, एक हजार एक. पासवर्ड टाकताना तोंड दुसरीकडे केलं. डिस्क आधी कॉम्प्युटरला सांगून मोकळी केली, मग काढली. "नुसती ओढली की साहेब ओरडायचे," ती म्हणाली. माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते. तेही तिच्याच वाट्याला.

नव्या खात्यात डिस्क पुन्हा जोडली. पहिल्या चौकोनात मी शिंपी लिहिला. कॉम्प्युटरने काही विचारलं नाही. दुसऱ्यात कधी न बोलणाऱ्या दोन बहिणी. तिसऱ्यात सायकलवाला. पाचवं आमचं घर. ती शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होती. "एवढं लक्षात आहे तुमच्या!" दोनदा म्हणाली. मी न ऐकल्यासारखं केलं, पण तिसऱ्यांदा म्हणाली असती तरी चाललं असतं.

तेरा घरं भरली. चौदावं गल्लीच्या तोंडाशी, वर एक खोली. नकाशे काढायला शिकणारा एक मुलगा तिथे तीन वर्षं भाड्याने राहिला होता. त्याच्या खिडकीतून आमचं अंगण दिसायचं. हा चौकोन भरायला यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी तोही कोराच ठेवला होता.

"इथे कोण राहायचं?" ट्रेसरने विचारलं.

"होता एक भाडेकरू," मी म्हटलं, आणि स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवून घेतली.