मागच्या बाजूचा सिनेमा

मी पडदा बोलतोय. आयुष्यभर माझ्या अंगावर दुसरीच माणसं बोलली, भांडली, गायली. माझा स्वतःचा आवाज कुणी ऐकला नाही. आज ऐका.

कोल्हापूरच्या लालासाबने फिरता तंबू सिनेमा काढला, तेव्हा माझा जन्म झाला. त्याच्या बायकोने, सलिमाने, मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं. शिवण इतकी बारीक की नायिकेच्या गालावर कधी रेघ उमटली नाही. याचा मला अजून गर्व आहे, लपवू कशाला!

आमच्या तंबूची रीत निराळी. मशीनच्या बाजूला पुरुष आणि माझ्या पाठीमागे बायका. मागेही चित्र उमटावं म्हणून लालासाबची मुलगी नजीरा मला बादलीभर पाणी मारून ओलं करायची. बायकांना सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने जेवायला लागला की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

एकाहत्तर साली गडमुडशिंगीच्या यात्रेत आमचा तंबू लागला. तेव्हा आमच्याकडे कोवळ्या वयातल्या प्रेमाचा एक सिनेमा होता. मध्यंतरापर्यंत गोष्ट मुलाच्या डोळ्यांनी दिसायची. तो मुलीच्या वाटेत आडवा उभा राहतो, वही हिसकावतो, गाणं म्हणतो आणि शेवटी ती मान हलवते. मध्यंतरानंतर हीच सारी गोष्ट पुन्हा, पण मुलीच्या डोळ्यांनी. आधीच्या गावात पुरुषमंडळी या दुसऱ्या भागाला कंटाळून बाहेर विड्या ओढत बसली होती. त्यामुळे लालासाबने डोकं लढवलं. मुलीने मान हलवली की खेळ खलास! मुडशिंगीकरांना अर्धाच सिनेमा दिसत होता आणि ते खूश होते.

सर्वांत खूश होता सयाजी. गुऱ्हाळावर काम करणारा, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. रोज यायचा, सगळ्यांत पुढे मांडी ठोकायचा आणि नायकाच्या आधी नायकाचं वाक्य म्हणायचा. मला तो फार आवडायचा. वाटायचं, पोरगं जीव लावून बघतंय.

एके दिवशी नजीरा मला ओलं करत होती. तंबूत अजून कुणी नव्हतं. तेवढ्यात दुकानदार शिवमूर्तीची मुलगी नीलम्मा मागच्या कनातीतून आत आली.

"आक्का, ह्यो शिनेमा कवा जाणार वो गावातनं?"

"का गं? आवडला न्हाय व्हय?"

नीलम्माला रडू फुटलं. तिची शाळा शेजारच्या गावात, वाट उसातून. "सयाजी रोज आडवा हुभा ऱ्हातोय. माझी वही घेतली त्यानं. म्हणतोय, शिनेमातली पोरगी हो म्हणली, मग तुला काय झालं? अप्पांना कळलं तर माझी साळाच बंद करतील."

माझ्या अंगावरून पाणी ठिबकत होतं आणि मी पुरता हादरलो होतो. मी दाखवलेलं त्या पोराने उचललं आणि उसाच्या वाटेवर नेऊन उभं केलं! ज्याच्या टाळ्यांनी मी फुशारलो, त्याच्यामुळे ही पोर शाळेला मुकणार होती.

नजीराने बापाला गाठलं. "अब्बा, आज उरल्याली रिळं बी लावा."

"खुळी का काय तू? पब्लिक तंबू मोडंल की."

"मोडू द्या." मग तिने नाव न घेता सगळं सांगितलं. लालासाबने दाढी खाजवली. मग त्याने रिळांचे डबे उघडले.

त्या संध्याकाळी मुलीने मान हलवली, शिट्ट्या झाल्या, लोक उठायला लागले, तोच माझ्यावर तीच वाट पुन्हा उमटली. या वेळी ती मुलीला दिसत होती तशी. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे मुलाचं भलंमोठं तोंड आणि त्याचे दात. पळायला जागा नाही. तिची मान हलली ती होकाराने नव्हे. ती थरथरत होती. उठलेले लोक परत खाली बसले.

आणि माझ्यामागून चिमणाबाई मोठ्याने ओरडली. उसाच्या वाटेलाच तिचं रान होतं. "आगं बया! आपला सयाजी नीलम्माला असंच करतोय की!"

नको ते झालं. पुढून शिवमूर्ती ताडकन उठला आणि त्याची काळी सावली माझ्यावर पडली. एरवी असं कुणी उठलं की "खाली बसा की मालक!" असा कल्ला व्हायचा. आज कुणी हूं की चूं केलं नाही. लालासाबने मशीन थांबवलं नाही. माझ्यावर त्या मुलीचा बाप तिची पुस्तकं चुलीत घालत होता आणि त्याच्या तोंडावर शिवमूर्तीची सावली थरथरत होती. मुलीच्या डोळ्यांना बापही तेवढाच अक्राळविक्राळ दिसत होता.

सयाजी उभा राहिला. तोंड पांढरंफटक. "मला वाटलं... तिला आवडतंय," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

शिवमूर्ती त्याच्याकडे बघतही नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मग हळूच खाली बसला. खेळ संपल्यावर त्याने बायकांच्या दारातून नीलम्माचा हात धरला आणि तिला घरी नेलं. सकाळी आमचा मुक्काम हलला. गुंडाळलेल्या अंगाने मी वर्षभर एकच घोर लावून घेतला. पोरीची शाळा सुटली असेल आणि ती मी सोडवली.

आता माझं म्हाताऱ्याचं काय सांगू! गावोगाव व्हिडिओ आले, तंबू मोडला. आज मी नजीराच्या पडवीत ऊन अडवत लटकतो. तिची नातवंडं मला नाक पुसतात. पुसू देत. तुमचा निरोप घेण्याआधी पुढच्या यात्रेचं तेवढं सांगतो.

पुन्हा मुडशिंगी, पुन्हा तंबू. बायका आत आल्या, नीलम्मा नव्हती. नजीराने घाबरत घाबरत चिमणाबाईला विचारलं, "नीलम्मा कुठाय वो?"

"ती व्हय? मॅट्रिकचा अभ्यास करतीया. सयाजीनं पाय धरून वही परत केली तिची. पर बानं तिचं येणंजाणं बंद केलंय बघ."

"साळंचं?" नजीराच्या हातातली बादली सुटली.

"साळंचं कशाला? शिनेमाचं!"