झुराला विमान मानवत नाही

मी झुर बोलतोय. नाक दाबून ऐकलंत तरी चालेल, पण ऐका.

झुर म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पिठाचं आंबवण. तुमच्या घरी विरजण असतं ना, त्याचा मी लांबचा, जरा जास्तच वास मारणारा चुलतभाऊ. ईस्टरच्या सकाळी अख्खं पोलंड माझं सूप भुरकत बसतं. भुरकताना सगळे वाहवा करतात, मडक्याचं फडकं उचललं की मात्र "शी!" म्हणतात. माणसं अशीच.

माझा जन्म चुलीशेजारचा. रोझालिया नावाच्या बाईने मडक्यात पीठ, कोमट पाणी, चार लसणाच्या पाकळ्या आणि पावाचं एक कडक टोक टाकलं, वर फडकं बांधलं आणि ती गाईच्या धारा काढायला निघून गेली. पाचव्या दिवशी मी पहिला बुडबुडा सोडला. मांजर दचकून पळालं. तेव्हापासून दुसऱ्याला दचकवायची जी चटक लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. शाळेत मी गेलो नाही. रोझालियाच्या मुली चुलीपाशी पाढे म्हणायच्या, ते ऐकून तेरापर्यंत आले. चौदाच्या पाढ्याला त्यांना झोप यायची, म्हणून माझंही शिक्षण तिथेच थांबलं.

मरणाचं म्हणाल तर मी दरवर्षी मरायचो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात रोज मलाच खाऊन गाव इतकं विटायचं, की गुड फ्रायडेला माझी अंत्ययात्रा निघायची! तरणी पोरं मडकं खांद्यावर घेऊन, खोटं खोटं रडत गावभर मिरवायची आणि शेवटी ते फोडायची, शक्यतो एखाद्या नटलेल्या माणसाच्या पायाशी. मीही जाता जाता त्याच्या पाटलोणीवर उडून घ्यायचो. पण रोझालिया वस्ताद. मडकं देण्याआधी ती एक डावभर झुर बाजूला काढून ठेवायची. पोरं रडून घरी परतेपर्यंत मी दुसऱ्या मडक्यात बुडबुडे सोडत असायचो.

तो एक डाव तिने पुढे सुनेला दिला. सून म्हणजे माझी आपोलोनिया. तिने मला क्राकूफला आणलं, तिसऱ्या मजल्यावर, आणि पन्नास वर्षं सांभाळलं. हात प्रेमळ, जीभ माझ्याहून आंबट. तिची मुलगी किंगा बर्लिनला नोकरीला निघाली, तेव्हा आपोलोनियाला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती बोलून गेली, "तिथे जाऊन काय दिवे लावणार? तुझ्या हाताने साधा झुर जगायचा नाही!"

आणि नेमकं तसंच झालं. किंगाने बरणीत नेलेला माझा वाटा महिन्याभरात मेला. पुढच्या वर्षीचाही मेला. मग तीन ईस्टर किंगा घरीच आली नाही. यंदा तिने आईला बोलावलं खरं, पण वर म्हणाली, "झुर मी दुकानातून बाटलीतला आणीन. माझ्या हाताने जगत नाही ना."

फोन ठेवून आपोलोनिया बराच वेळ माझ्या फडक्याची गाठ सोडत-बांधत बसली. मग मला म्हणाली, "चल म्हाताऱ्या. दोघांनीच जायचं. मी बोलले ते मलाच निस्तरायला हवं."

जायचं कसं? तर इथे उगवला वालेक, तिचा धाकटा भाऊ. हा आयुष्यात एकदा विमानात बसलाय आणि त्या एका प्रवासावर गेली अकरा वर्षं बोलतोय.

"ताई, विमान! सव्वा तासात बर्लिन."

"आणि आगगाडीने?"

"सात तास! बसून बसून बूड सपाट होईल."

"ते कधीच झालंय. झुराचं काय?"

"मडकं आत नेऊ देत नाहीत. सामानात टाकलं तर फुटेल. हातात न्यायचं तर पातळ काहीही शंभर मिलिलीटरच. पण तोडगा काढलाय मी!"

तोडगा म्हणजे शाम्पूची एक रिकामी बाटली. वालेकला पुरतं टक्कल आहे, तरी त्याच्याकडे ती कुठून आली, हे विचारू नका. त्याने ती धुतली, त्यात मला ओतलं, झाकण पिळून पिळून घट्ट केलं आणि बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. चर्चला जायचा कोट! मग शेगडीला टेकून, चहा पीत, त्याने विमानाची गोष्ट सुरू केली.

आत माझा जीव गुदमरत होता. आंबवणाला श्वास लागतो, साहेब. वालेकचे ढग ऐकून घेतले, कमरेचा पट्टा ऐकून घेतला. हवाईसुंदरी आली आणि मला हसू आवरेना.

फटाक!

झाकण त्याच्या हनुवटीला लागलं. मी शर्टावरून, टायवरून थेट मिशीपर्यंत पोचलो.

"ताई! मेलो गं!"

"मेला नाहीस रे, आंबलायस!" आपोलोनिया डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम थांबली. "झाकण घट्ट लावलं होतंस?"

"मग? गळायला नको?"

ती त्या झाकणाकडे बघत राहिली. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही. शेवटी म्हणाली, "गाडीचं तिकीट काढ."

किंगा फोनवर वैतागली. "सात तास? मी दुपारची सुट्टी काढली होती, आई!"

"मग संध्याकाळची काढ."

तर गुड फ्रायडेला, ऐन माझ्या अंत्ययात्रेच्या दिवशी, मी आपोलोनियाच्या मांडीवर बसून सकाळच्या गाडीने निघालो. शेजारी वाटेत ओपोलेला उतरणारी एक जाडजूड बाई. समोर एक टापटीप गृहस्थ, पायात पांढरेशुभ्र बूट. डबा गरम, गाडी डुलतेय. मला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि मी मडक्यात वर वर चढू लागलो.

गृहस्थांनी नाक मुरडलं. "कुणी बूट काढलेत का?"

"माझे पायातच आहेत," बाई म्हणाली. "तुमचे बघा."

आपोलोनिया लाजून लाल झाली. "माझा झुर आहे हो."

"झुर! आणि गप्प बसून राहिलात होय!" बाई म्हणाली.

तेवढ्यात मी फडक्याखालून डोकं काढलं आणि त्या पांढऱ्या बुटांच्या दिशेने निघालो. जुनी खोड!

"अहो, आवरा त्याला!" गृहस्थ पाय वर घेऊन ओरडले.

उतू जाण्यापेक्षा वाटून टाकलेला बरा, म्हणून बाईने थर्मासचं झाकण पुढे केलं. आपोलोनियाने त्यात मला ओतलं. मग, काय सांगू, त्या गृहस्थांनीही कॉफीचा कागदी पेला पुढे केला. "आई करायची आमची," ते हळूच म्हणाले.

"झाकण लावू नका हं," आपोलोनिया म्हणाली. "रुमाल बांधा सैलसा. त्याला श्वास..." आणि ती थबकली. "हे मी माझ्या लेकीला सांगितलंच नव्हतं. झुर जगत नाही म्हणून तिलाच बोल लावला."

"मग आता सांगा," बाई म्हणाली. "वेळ आहे. बोलून बघा. समजा, मी तुमची लेक."

ओपोलेपर्यंत बाई लेक झाली. ती उतरल्यावर पांढऱ्या बुटांचे गृहस्थ झाले. घोगऱ्या आवाजात ते विचारत, "आई, तू मला असं का बोललीस?" आणि आपोलोनिया आपली माफी पुन्हा पहिल्यापासून म्हणे. तीनदा चुकली, पाचव्यांदा जमली. सव्वा तासात कुठलं जमायला!

बर्लिनला किंगा हाताची घडी घालून उभी. "विमानाने आली असतीस तर दुपारीच पोचली असतीस."

"विमानाने आले असते तर एकटीच आले असते," म्हणत आपोलोनियाने मडकं तिच्या हातात दिलं. पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "किंगा, तू बरणीचं झाकण घट्ट लावायचीस?"

"मग काय करू? शेजारी वासाची तक्रार करायचे."

"फडकं बांधायचं असतं, बाळा. ते मी सांगितलं नाही आणि नको ते बोलून बसले. तुझ्या हातात खोट नव्हती गं. माझ्या तोंडात होती."

किंगाने फडकं उचललं, आत नाक घातलं, "शी!" म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. मधे मी चेपलो, पण एकही बुडबुडा सोडला नाही. इतकी अक्कल मलाही आहे.

रविवारी सूप करण्याआधी किंगाने न सांगता एक डाव बाजूला काढला. त्याला आता नऊ आठवडे झाले. मी बर्लिनमध्ये चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून श्वास घेतोय. रोज सकाळी किंगा स्वतःच्या हाताने मला पीठ घालते आणि फोनवर आईला सांगते, "जिवंत आहे गं!" काल तिचं मांजर दचकवलं.

तुमचं माझ्याकडे येणं झालं तर या. मला न्यायचं असेल तर न्या, एक डाव सगळ्यांसाठी आहे. फक्त फडकं सैल बांधा आणि मांडीवर घेऊन गाडीने न्या. वालेक पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणे, विमानाने. येऊ दे की. येताना जुना शर्ट घालून ये म्हणावं.