पुरेसे जवळ

भूकंपराव हे नाव त्यांना दोन कारणांनी पडलं होतं. एक, ते जमिनीला धक्का द्यायचे आणि परत येणारा हादरा ऐकून तिच्या पोटात काय दडलंय ते सांगायचे. दुसरं कारण त्यांच्या बायकोला विचारा.

अकरा वर्षं खपून त्यांनी या सर्वेक्षणाची नवी पद्धत काढली, पेटंट मिळवलं, आणि एका कंपनीने ती जशीच्या तशी उचलली. वर चोराच्या उलट्या बोंबा! म्हणे, पेटंटच रद्द करा. का, तर पेटंटमधल्या दाव्यात लिहिलंय, ‘हादरे ऐकणारे जिओफोन एकमेकांच्या पुरेसे जवळ खोचावेत.’ पुरेसे म्हणजे किती? सगळं मोघम!

ते ‘पुरेसे’ भूकंपरावांच्या वकीलबाईंचं. "आकडा घातलात तर समोरचा वीतभर सरकून पद्धत पळवेल," असं त्यांनीच बजावलं होतं. आज सुनावणीत त्याच बाई कागदात तोंड खुपसून बसल्या होत्या.

कंपनीचा तज्ज्ञ साक्षीला आला. तो भूकंपरावांच्याच हाताखाली शिकलेला. "या वाक्यातून मला काहीही बोध होत नाही," तो छताकडे बघत म्हणाला.

अरे लबाडा! भूकंपरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका शब्दापायी अकरा वर्षं पाण्यात जाणार होती. वकीलबाई त्यांचा कोट धरून खाली ओढत असतानाच ते उठले.

"बरोबर आहे याचं," ते म्हणाले. "मोघमच आहे. मऊ मातीत मी आपला चाळीस मीटरवर खोचतो, दुसरा कुणी साठावर खोचेल."

"चाळीस?" तज्ज्ञ उसळला. "सर, डोकं ठिकाणावर आहे ना? मऊ मातीत हादरा विरून जातो! दहा, फार तर बारा. चाळीस खडकावर! हे या धंद्यात सांगावं लागतं का कुणाला?"

मग त्याने जीभ चावली, पण लेखनिकाने सगळं उतरवून घेतलं होतं.

"म्हणजे जाणकाराला कळतं," सुनावणीचे अध्यक्ष म्हणाले. "शब्दरचना स्पष्ट आहे. पेटंट कायम. लेखी आदेश योग्य वेळी निघेल, तोवर कंपनीने ही पद्धत वाजवी प्रमाणातच वापरावी."

भूकंपरावांचा चेहरा फुलला आणि तिथेच अडला. "साहेब, योग्य म्हणजे कधी? आणि वाजवी म्हणजे किती?"

"ते जाणकाराला कळतं," अध्यक्ष फाईल मिटत म्हणाले.

"आम्हाला कळलं, साहेब," कंपनीचा वकील लगबगीने म्हणाला. "अगदी नीट कळलं."