पट्टीतली सरकी

बसा हितं बाकड्यावर. दवाखाना उघडायला वेळ हाय अजून. ताप हाय म्हणता, तर चहा घ्या कोरा, अंगात जरा ऊब येईल. तवर एक किस्सा सांगतो. ह्याच दवाखान्याचा हाय, अन् शेवटाला तुमच्याकडंबी एक काम निघणार हाय.

तिकडं पायरीवर टोपीवाला माणूस दिसला का? गाडीचा आवाज आला की उभा ऱ्हातो, रस्ता बघतो, परत टेकतो. त्यो सटवाजी. जनमभर बैलासारखा निवांत माणूस. तपासणी झाल्यापासून मात्र त्याच्या बुडाला जागा सापडंना.

त्याची बायको सरजाबाई. तिला साखरेची बिमारी. पायाच्या अंगठ्याला कायतरी लागलं, तिनं हळद दाबली अन् कापूस येचायला गेली. जखम चिघळली. तालुक्याला दाखवलं तर म्हणले, अंगठा काढावा लागंल, हयगय केली तर पाऊलबी जाईल. सटवाजी तिला घेऊन घरी आला अन् दोघंबी त्या दिवशी जेवले न्हाईत.

तवा ह्या दवाखान्यात बुद्धप्रिया मॅडम नवीनच आलती. अर्धापूरकडची, केळीच्या मुलखातली. तिनं सरजाबाईला खुर्चीत बसवलं, आपण खाली स्टुलावर बसली अन् पाय मांडीवर घेतला. सटवाजीला कसंनुसं झालं.

"मॅडम, पाय हाय त्यो. म्या धरतो."

"पायाचाच इलाज करायचाय काका, मग डोकं धरू का?" मॅडम म्हणली. "काकू, पट्टी बदलायला येत ऱ्हायचं. गोळी चुकवायची न्हाई. अन् गूळ, साखर बंद."

"मग खाऊ काय, माती?" सरजाबाई म्हणली. पर येत ऱ्हायली. अन् बघता बघता जखमेच्या कडंनं गुलाबी कातडं धरायला लागलं. सटवाजी त्या कातड्याकडं असा बघायचा, जसा पेरणीनंतर माणूस वावराकडं बघतो.

सगळं ब्येस होतं. फकस्त एक. मॅडम सुई द्यायची न्हाई.

आपल्याकडचं तुमाला मालूमच हाय. सुई टोचली न्हाई तर इलाज कसला? सलाईन लावलं की मेलेला उठून बसतो, असा हिशोब. पार्वतीबाई म्हातारी तर तोंडावर म्हणायची, "गोळी तर किराणा दुकानातबी भेटती गं माय. तू शिकलीस कशाला?"

मॅडम हसायची. "लागली तर देईन आजी. उगंच भोकं कशाला पाडू?"

कुरकुरत का होईना, लोक बरे होऊन राहिले होते. तेवढ्यात बजरंग काळीपिवळीवाल्यानं खबर आणली.

"सटवाजीमामा, तुमच्या मॅडमचं काय खरं न्हाई आता."

"का रं?"

"नांदेडहून साहेब येणार उद्या. इलाज कसा हाय ते पेशंटला इचारणार. पेशंट म्हणले ठीक न्हाई, की उचलली मॅडम. काकूला तालुक्याला न्यायला म्या हावच, पुढची सीट राखून ठेवतो."

बजरंग चेष्टेनं म्हणला, पर सटवाजीनं ते खरंच धरलं. मॅडम गेली तर पाऊल गेलं. रातभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. मॅडम नापास कुठं व्हईल? चारी बाजूनं इचार केला, गाडी एकाच जागी येऊन रुतायची. सुई.

येरवाळी उठला. सरजाबाईच्या पायाची चिकटपट्टी खिशात घातली. खोलीत नवा कापूस भरलेला होता, त्यातला धोतराच्या सोग्यात घेतला.

"माझी पट्टी कुठं निघाली?" सरजाबाई म्हणली.

"तुझ्याच पायाच्या कामाला."

दवाखान्याबाहेर रांग लागली होती. सटवाजीनं एकेकाचा दंड धरला, कापसाचा बोळा ठेवला, वर पट्टी मारली. सुई घेतल्यावर लावतात तशी. "साहेबानं इचारलं तर म्हणायचं, आल्या आल्या सुई. अन् कणकण असली तर सलाईन."

एक जण म्हणला, "माझा गुडघा दुखतोय, अन् पट्टी दंडाला?"

"सुई दंडालाच देतात. गप बस."

मॅडम आत होती, तिला पत्ताच न्हाई.

साहेब आले. शिवप्रसाद साहेब, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. नळ सोडून बघितला, खाटेवरची चादर उचलून बघितली, औषधाच्या खोलीत जाऊन आले. मग रांगेतच पार्वतीबाईजवळ येऊन बसले.

"आजी, डॉक्टर कशा आहेत?"

"देवमाणूस," पार्वतीबाई म्हणली. "दारात पाय ठेवला की सुई टोचती. मागायचंबी काम न्हाई. अंग दुखलं सलाईन, डोकं दुखलं सलाईन."

सगळ्यांनी माना हलवल्या. गुडघावाल्यानं तर दोन सुया सांगितल्या. जसजसं कौतुक वाढलं, तसतसा साहेबांचा चेहरा लांब होत गेला. त्यांनी मॅडमला बाहेर बोलावलं.

"मॅडम, गरज नसताना टोचलेल्या सुया, तेच तर बघत फिरतोय मी. आणि आत तुमची सुयांची खोकी जवळजवळ भरलेलीच आहेत. मग ह्या एवढ्या सुया येतात कुठून? बाहेरून आणता?"

मॅडम एकेका दंडाकडं बघत राहिली. सटवाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या ध्यानात आलं, आपण मॅडमला वाचवायला गेलो अन् आपल्याच हातानं विहिरीत ढकललं. गप ऱ्हावं तर ती जाती. बोलावं तर सारा गाव लबाड ठरतो.

"साहेब," त्यो म्हणला, "म्हातारीची पट्टी काढून बघा."

साहेबांनी पट्टी सोलली. बोळा निसटून फरशीवर पडला. त्यात सरकी होती. दवाखान्याच्या कापसात सरकी कुठून यायची? अन् दंडावर सुईचं टोकसुदीक लागलेलं न्हाई.

"म्या लावल्या," सटवाजी म्हणला. "सुई न्हाई म्हणल्यावर मॅडमला न्याल म्हणून. माझ्या बायकोचा पाय हिच्या हातात हाय."

सरजाबाई पट्टी बदलायला आलेली, दारातल्याच खुर्चीत होती. साहेबांनी वाकून तिचा अंगठा बघितला. बराच वेळ बघितला. वाटलं, आता हसतील, पाठ थोपटतील. साहेब हसले न्हाईत.

"जखम चांगली भरते आहे, ते दिसतंय," ते म्हणले. "पण बाकी मी काय धरू, मामा? आज तुम्ही हिच्या बाजूनं खोटं बोललात. आता खरं बोलताय, हे मला कळणार कसं? आजचं इथलं कुणाचंच बोलणं मी धरत नाही. परत येईन. सांगून येणार नाही, जीपनं येणार नाही. मी किंवा माझा माणूस, रांगेत बसू."

साहेब गेले. मॅडम सटवाजीवर वरडली न्हाई. उरलेली चिकटपट्टी तेवढी त्याच्या हातातनं घेतली. "ही काकूच्या पायाची होती, काका. आज काय लावू?" त्यो शब्द त्याला अजून टोचतो, सुईवानी.

तवापासनं त्यो असा हाय. घरोघर जाऊन लोकांना परत शिकवून राहिला, "खरं सांगा, सुई देत न्हाई म्हणा." पार्वतीबाई ऐकंना. म्हणती, "साहेबासमोर आपल्या मॅडमची नालस्ती करू व्हय?" सरजाबाईची जखम आता चिंचोक्याएवढी उरली हाय. तेवढी भरूस्तवर मॅडम हितं पाहिजे. अन् रांगेतला कोणताबी परका माणूस त्याला साहेबानं धाडलेला वाटतो. मघाशी तुमच्याकडंबी बघत होता, तुम्ही चहा बशीत वतून घेत होतात तवा.

तर आता तुमचं काम. आत गेल्यावर सुई मागू नका. कुणी इचारलं तर जे झालं तेवढंच सांगा, मापून. वर कौतुकाची चिमूटबी टाकू नका. अन् तुम्ही नांदेडच्या साहेबाचा माणूस नसाल, तर आत जाताना पायरीवर जरा थांबून तेवढं सटवाजीला सांगून जा. घोटभर पाणी तरी पिईल.